लहान मुलांचा ऑडिशन क्लास, धरमपेठ, नागपूर: फी भरायच्या आधी वाचा

भाचीला टीव्हीत जायचंय म्हणून ताईने एका ऑडिशन क्लासला टाकली, दोन महिने नेआण मीच केली. शिकवतात चांगलं, पोरीचा आवाज खुलला, ते खरंय. पण फोटोशूटला सकाळी ९ ला बसवलं ते पार संध्याकाळपर्यंत, ७ वर्षांची पोट्टी, लिपस्टिक पुसली जाईल म्हणून डब्यातली पोळी पण खाईना, मला बघवेना बाप्पा. बालमजुरीबद्दलच्या सरकारच्या २०१७ च्या नियमांत बालकलाकाराला दिवसाला ५ तासच काम, सलग ३ तासांच्या वर नाही, कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, हे विचारलं तर म्हणे ते मुंबईवाले बघतील. तुम्ही पण नक्की विचारा. आम्ही काढलं तिला, आता संध्याकाळी गल्लीत सायकल चालवते.