फोलिन-सिओकाल्टू रिएजंट, २ नॉर्मल: तयार बाटलीचं परीक्षण

वनस्पतींच्या अर्कातले एकूण पॉलिफेनॉल (टॅनिनसारखी फेनॉल गटातली संयुगं) मोजायला बसलेला माणूस सगळ्यात आधी हीच बाटली मागवतो. गडद काचेची, आत स्वच्छ पिवळं आम्लधर्मी द्रावण. फेनॉल भेटले की ते निळं होतं, आणि निळा रंग जितका गडद तितके फेनॉल जास्त. १९२७ मध्ये फोलिन आणि सिओकाल्टू यांनी ते प्रथिनांतलं टायरोसिन आणि ट्रिप्टोफेन मोजण्यासाठी बनवलं. १९६५ मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी त्याची पद्धत वाइनमधल्या फेनॉलसाठी बसवली, आणि तेव्हापासून पानं, साली, बिया, मुळं, जे हाती लागेल त्याचा अर्क यात टाकला जातो. बाटली चांगली आहे. तिच्याकडून काय मागायचं हे ठाऊक असलं तर फारच चांगली आहे.

घरच्या घरी, म्हणजे स्वतःच्या प्रयोगशाळेत, हे बनवता येतं. १०० ग्रॅम सोडियम टंगस्टेट आणि २५ ग्रॅम सोडियम मॉलिब्डेट ७०० मिलि पाण्यात विरघळवायचं, ५० मिलि ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल आणि १०० मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, दहा तास रिफ्लक्सवर (वाफ थंड करून परत त्यातच पाडत) उकळत ठेवायचं, मग १५० ग्रॅम लिथियम सल्फेट आणि ब्रोमीनचे काही थेंब घालून जास्तीचा ब्रोमीन उकळून घालवायचा आणि एक लिटर करायचं. एवढा खटाटोप, त्यात ब्रोमीनची वाफ, आणि शेवटी प्रत्येक खेपेला ताकद थोडी वेगळी. तयार बाटलीच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घेताना लेबल नीट वाचा, कारण नावांचा घोळ आहे. ‘फोलिन-डेनिस’ हे १९१२ चं जुनं रिएजंट. त्यात लिथियम सल्फेट नसतं, त्यामुळे गाळ लवकर बसतो आणि संवेदनशीलताही कमी मिळते. नुसतं ‘फोलिन रिएजंट’ असं लिहिलेला पदार्थच वेगळा आहे: ते नॅप्थोक्विनोन सल्फोनेट, अमाइन मोजण्यासाठीचं. पॉलिफेनॉलसाठी त्याचा काही उपयोग नाही. तिसरी गोष्ट ताकदीची. बहुतेक पद्धती बाटलीतलं द्रावण २ नॉर्मल धरून लिहिलेल्या असतात. लाउरीच्या प्रथिन चाचणीसाठी तेच १ नॉर्मलपर्यंत पातळ करून ठेवायची अनेक ठिकाणी सवय असते. फ्रिजमधली तशी बाटली चुकून उचलली की रिएजंट निम्मंच पडतं, जास्त फेनॉलच्या नमुन्यात ते पुरत नाही आणि तीव्रता आणि रंग यांचा आलेख वरच्या टोकाला वाकतो.

बाटली शाबूत आहे का, हे रंगच सांगतो. पिवळा असेल तोवर ठीक. हिरवट झाक आली की त्यातला काही भाग आधीच क्षपण पावला आहे, म्हणजे निळा रंग बाटलीतच तयार व्हायला लागला आहे आणि तो पिवळ्यात मिसळून हिरवा दिसतो. असं रिएजंट टाकून द्यावं. हिरवेपणाचं कारण बहुधा धूळ, उघडं झाकण किंवा वापरलेली पिपेट थेट बाटलीत बुडवणं. लागेल तेवढं छोट्या बीकरमध्ये काढून घ्या आणि उरलेलं परत बाटलीत ओतू नका. एवढं पाळलं तर बाटली खूप दिवस टिकते.

आता कृती. एक सेंमीच्या क्युव्हेटसाठी (रंग मोजायच्या यंत्रात ठेवायची पारदर्शक चौकोनी नळी) २० मायक्रोलिटर नमुना, १.५८ मिलि पाणी, १०० मायक्रोलिटर रिएजंट. नीट हलवा. अर्ध्या मिनिटानंतर, पण आठ मिनिटांच्या आत, ३०० मायक्रोलिटर सोडियम कार्बोनेटचं संपृक्त द्रावण घाला आणि पुन्हा हलवा. २० अंशांवर दोन तास किंवा ४० अंशांवर अर्धा तास ठेवून ७६५ नॅनोमीटरला शोषण वाचा. कार्बोनेटचं द्रावण बनवताना २०० ग्रॅम निर्जल कार्बोनेट ८०० मिलि पाण्यात उकळून विरघळवा. थंड झालं की त्याचेच दोन-चार खडे टाकून एक दिवस ठेवा, गाळून घ्या आणि एक लिटर करा. खडे टाकायची पायरी बरेच जण वगळतात. मग पुढे कधीतरी ते द्रावण बाटलीतच स्फटिक धरतं आणि पिपेटचं टोक बुजतं.

क्रम का महत्त्वाचा? फेनॉलची क्रिया अल्कलीत, पीएच १० च्या आसपास, वेगाने होते, आणि नेमकं त्याच अल्कलीत हे रिएजंट स्वतः फार वेळ टिकत नाही. म्हणून फेनॉल आणि रिएजंट आधी एकमेकांत मिसळलेले हवेत, अल्कली शेवटी. कार्बोनेट आधी घातलं किंवा सोयीसाठी रिएजंट आणि कार्बोनेट एकत्र करून ठेवलं, तर रिएजंट फेनॉलपर्यंत पोहोचायच्या आतच मोडतं. आकडा कमी येतो आणि दर नळीत वेगळा येतो. तीस नळ्या असतील तर सगळ्यांत रिएजंट घालून होईपर्यंत पहिल्या नळीची आठ मिनिटं उलटून गेलेली असतात. म्हणून दहा-दहाच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीसोबत एक ब्लँक (नमुन्याऐवजी नुसतं पाणी) आणि एक प्रमाण द्रावण (तीव्रता माहीत असलेलं) चालवा.

एक बारीक त्रास मात्र या पद्धतीला चिकटलेलाच आहे. कार्बोनेट आम्लधर्मी रिएजंटवर पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. द्रावण लगेच क्युव्हेटमध्ये ओतलं तर आतल्या भिंतीला मोहरीहून लहान बुडबुडे चिकटून बसतात. नुसत्या डोळ्यांना ते सहज दिसत नाहीत. क्युव्हेट उजेडाकडे तिरकी धरली की चमकतात. वाचन वर-खाली होत असेल तर आधी ते बघा. नळीतच रंग येऊ द्या, दोन तासांनी हळूच ओता, क्युव्हेटला बोटाने टिचकी द्या. वाचन स्थिर होतं. पांढरट धूसरपणा ही वेगळी गोष्ट. नमुन्यातून अल्कोहोल जास्त गेलं तर क्षार खाली बसतात. वरच्या मापात नमुना फक्त एक टक्का असल्याने ती भीती नाही, पण अर्धा मिलि नमुना घेणाऱ्या मोठ्या मापाच्या पद्धतींत असते. तिथे वाचायच्या आधी सेंट्रिफ्यूज करा.

प्रमाण द्रावण गॅलिक आम्लाचं. अर्धा ग्रॅम गॅलिक आम्ल १० मिलि इथेनॉलमध्ये विरघळवून पाण्याने १०० मिलि केलं की लिटरला ५ ग्रॅमचं मूळ द्रावण मिळतं. त्यातून लिटरला ५०, १००, १५०, २५० आणि ५०० मिलिग्रॅम. इथे एक सापळा आहे, आणि तो प्रकाशित आकड्यांतही शिरलेला असू शकतो. गॅलिक आम्ल निर्जल मिळतं तसं एक पाण्याचा रेणू असलेलंही मिळतं. निर्जलचा रेणुभार १७०.१२, दुसऱ्याचा १८८.१४. पाणीवालं वजन करून निर्जल समजलात तर प्रमाण द्रावण प्रत्यक्षात सुमारे दहा टक्के कमजोर बनतं आणि तुमचा अर्क तेवढाच ‘श्रीमंत’ दिसतो. डब्यावरचा रेणुभार वाचायला पाच सेकंद लागतात. वाचा.

हिशोब असा. अर्धा ग्रॅम वाळवलेली पूड २५ मिलि ७० टक्के मिथेनॉलमध्ये काढली, अर्क पाच पट पातळ केला आणि आलेखावरून लिटरला १७० मिलिग्रॅम आलं. पाचाने गुणलं की ८५०. २५ मिलिमध्ये २१.२५ मिलिग्रॅम. अर्ध्या ग्रॅमने भागलं की दर ग्रॅम पुडीमागे ४२.५ मिलिग्रॅम गॅलिक आम्लाइतके. पुडीत आठ टक्के ओलावा असेल तर कोरड्या वजनावर तोच आकडा ४६.२ होतो. ओलावा न सांगता दिलेल्या आकड्याची दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करता येत नाही.

बाटलीचा खरा उणेपणा तिच्या रसायनातच आहे. ती फेनॉल ओळखत नाही, इलेक्ट्रॉन देणारं काहीही ओळखते. मॉलिब्डेनम इलेक्ट्रॉन घेऊन सहावरून पाच संयुजेवर येतं आणि निळा रंग दिसतो. इलेक्ट्रॉन कोणी दिला, हे तिला कळत नाही. व्हिटॅमिन सी देतं, सल्फाइट देतं, फेरस लोह देतं, सिस्टीन देतं, टायरोसिन-ट्रिप्टोफेन असलेली प्रथिनं देतात. साखरा जास्त असतील तर अल्कलीत त्याही देतात, आणि नळी गरम ठेवली तर अधिकच. म्हणून गोड फळाच्या अर्कासाठी ४० अंशांची घाई करू नये, २० अंशांवर दोन तासच बरे. व्हिटॅमिन सीची एक खूण आहे: ते आम्लातच झटकन क्रिया करतं. कार्बोनेट घालण्याआधीच नळी निळसर होऊ लागली तर समजा, फेनॉलशिवाय दुसरं कोणीतरी आत आहे.

उपाय आहेत. अल्कोहोल उडवून अर्क पाण्यात घ्या, किंचित आम्लधर्मी करा आणि सी-१८ च्या (फेनॉल धरून ठेवणारा भराव असलेल्या) छोट्या कार्ट्रिजमधून सोडा. पाण्याने धुतलं की साखरा आणि व्हिटॅमिन सी निघून जातात. मिथेनॉलने पॉलिफेनॉल उतरतात. यात गॅलिक आम्लासारखे लहान, पाण्याला धरून राहणारे फेनॉलही थोडे धुण्यात जातात, तेव्हा धुतलेलं पाणीही मोजून पाहावं. टॅनिन वेगळे हवे असतील तर अर्क पीव्हीपीपीच्या (टॅनिन धरून ठेवणाऱ्या, न विरघळणाऱ्या पॉलिमरच्या) पुडीसोबत थंड ठेवून गाळा. आधीचं आणि नंतरचं वाचन वजा केलं की टॅनिनचा अंदाज येतो.

आणि अर्कच चुकला असेल तर बाटलीला दोष देऊ नका. ताजी पानं पाण्यात वाटली की त्यातलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज कामाला लागतं. अर्क तपकिरी होतो आणि मोजायचं तेच नाहीसं होतं. पानं लगेच गोठवून वाळवा किंवा ४० अंशांखाली हवेशीर वाळवा, आणि थेट अल्कोहोलमिश्रित द्रावकात टाका. ५० ते ८० टक्के मिथेनॉल किंवा इथेनॉल बहुतेक वेळा पुरतं. मोठ्या टॅनिनसाठी ७० टक्के ॲसिटोन अधिक चांगलं. शुद्ध मिथेनॉल शुद्ध म्हणून जास्त ओढेल हा समज चुकीचा आहे. थोडं पाणी पेशी फुगवतं आणि साखर जोडलेले फेनॉल बाहेर काढतं. एकाच पुडीचा चोथा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा काढून बघा. तिसऱ्या वेळीही चांगला निळा रंग येत असेल तर पहिल्या दोन वेळांचा आकडा अपुरा आहे.

या बाटलीसोबत जवळजवळ नेहमी डीपीपीएचची (अँटिऑक्सिडंट ताकद मोजायच्या रंगीत रसायनाची) कुपीही मागवली जाते, म्हणून तिच्याबद्दल थोडं. ३.९४ मिलिग्रॅम १०० मिलि मिथेनॉलमध्ये म्हणजे ०.१ मिलिमोलर. ५१७ नॅनोमीटरला शोषण १ च्या आसपास. गडद जांभळं द्रावण अँटिऑक्सिडंट भेटला की पिवळं होतं. अंधारात अर्धा तास ठेवून वाचायचं. द्रावण त्या दिवशीच करा. पाण्यात ते विरघळत नाही, तेव्हा नुसत्या पाण्यातला अर्क जास्त घातला तर गढूळपणा येतो आणि मोजमाप फसतं. निम्मा रंग घालवणारं प्रमाण हा आकडा डीपीपीएचच्या सुरुवातीच्या तीव्रतेवर अवलंबून असतो. म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी नुसती तुलना करू नका, सोबत ट्रोलॉक्स (व्हिटॅमिन ईसारखं प्रमाण संयुग) किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल चालवा. पाण्यातल्या अर्काला एबीटीएस (अशाच चाचणीचं दुसरं रसायन) अधिक सोयीचं: ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पर्सल्फेट, अंधारात १२ ते १६ तास, मग ७३४ नॅनोमीटरला शोषण ०.७० येईपर्यंत पातळ.

हे आकडे कशासाठी वापरायचे? कुठला द्रावक जास्त ओढतो, वाळवताना किती नुकसान झालं, या खेपेचा अर्क मागच्यासारखाच आहे का, अशा कामांसाठी ही बाटली उत्तम आहे. रोझमेरीचा अर्क तेल खवट होऊ नये म्हणून वापरायचा असेल तर मात्र हिचा आधार घेऊ नका. तिथे काम करणारे कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसोल तेलात विरघळणारे आहेत, आणि ही चाचणी पाण्यातली. युरोपातही या अर्काची (ई ३९२) मर्यादा एकूण फेनॉलवर नसून या दोन घटकांच्या बेरजेवर ठरवलेली आहे. त्यासाठी क्रोमॅटोग्राफी करा आणि प्रत्यक्ष तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू (खवटपणाचं माप) मोजा. पाकिटावर ‘आरोग्याला इतके टक्के फायदेशीर’ असं छापण्यासाठी तर या किंवा कुठल्याही नळीतल्या चाचणीचा आकडा वापरूच नये. पोटात गेलेले पॉलिफेनॉल फार थोडे शोषले जातात आणि तेही रूप बदलून. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये स्वतःची ओरॅक (अशाच एका अँटिऑक्सिडंट चाचणीच्या) आकड्यांची यादी संकेतस्थळावरून काढून टाकली, ती याच गैरवापरामुळे.

वापरून झालेलं निळं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम आणि लिथियम असतं. वेगळ्या डब्यात साठवा, आणि तो डबा झाकण घट्ट लावून ठेवण्याआधी आतला वायू सुटून गेलाय ना ते पाहा, कारण उरलेलं आम्ल आणि कार्बोनेट तिथेही एकमेकांशी भिडत राहतात.