सिगरेटच्या वासाचा फ्लॅट साफ करून रंगवून घेतला, कोथरूडमधल्या लोकल टीमचा अनुभव (४/५)

आमचा कोथरूडचा वन बीएचके भाड्याने असतो. मागचे भाडेकरू म्हणजे आयटीतली दोन मुलं, भाडं वेळेवर, आरडाओरडा नाही, पण घरात सिगरेट ओढायची नाही असं अ‍ॅग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असून खिडक्या लावून आत ओढायची. वरच्या काकूंनी सांगितलं की ड्राय बाल्कनीतून धूर वर येतो, त्यांच्याकडे तान्हं नातवंड आहे, तेव्हा कळलं. मी आधी समोर बसून बोलले, मग तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं, थोडे दिवस बंद झालं आणि परत सुरू. मुदतीच्या आत उगाच सामान बाहेर काढणं किंवा लाईट-पाणी तोडणं कायद्यात बसत नाही आणि ते मला पटतही नाही. २००३ चा तंबाखू कायदा सार्वजनिक जागांसाठी आहे, घराच्या आत आपल्या हातात फक्त अ‍ॅग्रीमेंट. त्यामुळे मुदत संपल्यावर रिन्यू केलं नाही एवढंच.

आता कामाबद्दल. फोनवर विचारलं तर बाकीचे सफाईवाले लगेच म्हणाले ओझोन मशीन लावू, वास गायब. ओझोन फुफ्फुसांना त्रासदायक असतो आणि भिंतीवर बसलेला चिकट थर त्याने धुतला जात नाही, म्हणून त्यांना नाही सांगितलं. ही टीम आधी घर बघायला आली हेच मला आवडलं. त्यांच्यातल्या दादांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तर मागे पांढरा चौकोन आणि आजूबाजूला सगळं पिवळट! साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं फिरवलं तर चहासारखं तपकिरी पाणी खाली ओघळायला लागलं. ते म्हणाले ताई हे धुतल्याशिवाय रंग लावला तर पैसे वाया, कारण पाण्यातला रंग लावला की हेच डाग वर येतात.

आणि तसंच झालं, त्यांच्याकडूनच. बेडरूमला त्यांनी धुऊन, वाळवून, ऑइल प्राइमर (रंगाआधीचा तेलाचा अस्तर) मारून मग इमल्शन, म्हणजे तोच पाण्यातला रंग लावला, तिथे आजपर्यंत एक डाग नाही. पॅसेजच्या सीलिंगला मात्र नवीन पोराने साधा वॉटर प्राइमर मारला आणि रंग वाळल्यावर पिवळे ढग दिसायला लागले. फोन केल्यावर कटकट न करता आले, परत केलं, जास्तीचे पैसे मागितले नाहीत. ऑइल प्राइमरचा स्वतःचा वास उग्र असतो, काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून घर रिकामं ठेवायला लागतं, हे त्यांनी आधी सांगितलेलं. पंख्याची पाती, स्विचबोर्ड, दारांच्या वरच्या कडा पण नीट पुसल्या. एसी ते करत नाहीत, आणि वास तिथेच मुरलेला असतो, एसी लावला की परत यायचा, त्यामुळे आतल्या कॉइलची सर्व्हिसिंग वेगळी करून घ्यावी लागली. पडदे आम्ही टाकूनच दिले.

एक स्टार कापला तो बिलासाठी. पहिलं बिल एकच आकडा लिहून दिलं, ते मला चालणार नव्हतं. भाडेकरू गेल्यावर नेहमीचा रंग देणं हा मालकाचा खर्च आहे, तो मुलांच्या डिपॉझिटमधून कापणं चुकीचंच, पण भिंती धुणं आणि तो खास प्राइमर हा धुराचा खर्च आहे, तो त्यांनीच द्यायचा. दोन-तीनदा मागे लागल्यावर वेगळं करून दिलं. मी ते बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो मुलांना पाठवले, तेवढीच रक्कम कापून बाकी डिपॉझिट परत केलं, आणि त्यांनी वाद घातला नाही कारण आकडा समोर होता.

नवीन लीव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे भाड्याच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये, आता बाल्कनीसकट सिगरेट बंद आणि धुराच्या सफाईचा खर्च डिपॉझिटमधून, असं लिहून घेतलंय. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याप्रमाणे ते रजिस्टर करावंच लागतं, मग रजिस्टर व्हायच्या आधीच असे मुद्दे टाकून घ्या, नंतर तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

टीम हवी असेल तर गणपतीच्या आधी विचारा, दिवाळीच्या तोंडावर त्यांना अजिबात वेळ नसतो. आणि सुरुवातीलाच सांगा की बिल वेगवेगळं लिहून पाहिजे.