सोयाबीनची शेतीशाळा: शेजारचा प्लॉट असेल तरच नाव नोंदवा

शेतीशाळा म्हटलं की गावात पहिला प्रश्न येतो, अनुदान किती? खरं तर इथे मिळतं ते वेगळंच: आपल्याच शिवारात दोन पद्धती शेजारी-शेजारी पाहायची सोय. 1989 मध्ये इंडोनेशियात भाताच्या किडींसाठी सुरू झालेली ही पद्धत मराठवाडा-विदर्भात पोकरा या राज्य सरकारच्या हवामान अनुकूल शेती प्रकल्पामुळे गावोगाव पोचली. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ती उत्तम आहे, पण नीट चालवली तर.

पहिला वर्ग पेरणीआधी हवाच. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून उगवण मोजायची. 70 उगवले तर एकरी 30 किलो बियाणं, 65 उगवले तर 32 किलो. त्यानंतर समतल रेषा, म्हणजे उताराला आडवी, एकाच उंचीवरून जाणारी रेषा आखायची. त्यासाठी दोन सारख्या लांबीचे बांबू वर एकत्र बांधलेले, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला बांधलेला दगड. चौकटीचे पाय अदलाबदल करून दोन्ही वेळी दोरी काठीवर कुठे येते ते पाहायचं आणि मधोमध खूण करायची. बरेच जण हे अदलाबदल करणंच टाळतात. मग रेषा उताराला लागते आणि सरीत मुरायचं पाणी बांध फोडून जातं.

पंधरवड्याला पाच-पाच जणांचे गट ओळीत उतरतात, मीटरभर ओळीतल्या अळ्या आणि मित्रकीटक मोजतात, कागदावर काढतात आणि सगळ्यांसमोर मांडतात. पानं खाणाऱ्या अळ्या मीटरला 3-4 पेक्षा कमी असतील तर फवारणी थांबते. आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच तास, कारण दुकानातून आलेला सल्ला इथे आकड्यांसमोर उभा करावा लागतो.

शाळा बहुधा बिघडते ती तुलनेच्या प्लॉटवर. रुंद वरंबा सरीचे (रुंद वरंब्यावर पेरणी, दोन्ही बाजूंना सरी) 10 गुंठे रस्त्याकडेच्या भारी जमिनीत आणि नेहमीची पेरणी मुरमाड तुकड्यात असेल, तर ती तुलनाच नव्हे. माती एक, वाण एक, पेरणीचा दिवस एक हवा. उत्पन्न काट्यावर मोजा, पोत्यांच्या अंदाजाने नको. पाऊस सारखा पडला तर सरीचा फरक फारसा दिसत नाही. तो कळतो पावसाच्या खंडात किंवा अतिवृष्टीत, म्हणून एका हंगामावरून निकाल देऊ नका. चार महिन्यांत सेंद्रिय कर्ब वाढल्याचा अहवाल कुणी दाखवला, तर दोन्ही वेळचे मातीचे नमुने त्याच जागेचे, त्याच खोलीचे होते का, हे आधी विचारा.

वर्गाची वेळ सकाळी 11 ची असेल तर बदलून घ्या. त्या वेळी बाया निंदणीत असतात, आणि चक्रीभुंगा या किडीने खोडावर पाडलेल्या दोन खाचा सगळ्यात आधी त्यांनाच दिसतात.