रेडिएशनमध्ये तोंड आल्यावर मध, हळद की मीठ-सोड्याचे पाणी?

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी सहा-सात आठवडे रेडिएशन घेणाऱ्या रुग्णाचे तोंड साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येऊ लागते. शेवटच्या आठवड्यांत त्रास सर्वाधिक असतो आणि उपचार संपल्यावरही जखमा भरून यायला काही आठवडे जातात. या काळात येणारा-जाणारा प्रत्येक जण एखादा घरगुती उपाय सुचवतो. त्यांतून निवड करताना रुग्णाच्या पोटात अन्न जाते का आणि रेडिएशन खंड न पडता पूर्ण होते का, हीच कसोटी लावावी, कारण उपचार मध्येच थांबले तर कर्करोगाच्या पेशींना पुन्हा वाढायला अवसर मिळतो.

मीठ-सोड्याच्या पाण्याची तुलना इतर उपायांशी करण्याचे कारण नाही, कारण ते सर्वांनाच लागते. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा विरघळवावा, प्रत्येक खाण्यानंतर व झोपण्यापूर्वी हलकेच खुळखुळून थुंकावे आणि पाणी रोज नवे करावे. त्याने जखम भरत नाही, पण चिकट लाळ सुटते, अन्नाचे कण निघतात आणि तोंड स्वच्छ राहते.

खरी निवड मध आणि हळद यांच्यात आहे, आणि माझा कौल मधाकडे आहे. कर्करोगाच्या रुग्णांच्या आनुषंगिक उपचारांवर काम करणाऱ्या ‘मॅस्क’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत, डोके व मानेच्या भागात रेडिएशन घेणाऱ्यांना तोंड येऊ नये म्हणून मध सुचवलेला आहे. मलेशियात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४० रुग्णांच्या अभ्यासात रेडिएशनपूर्वी १५ मिनिटे, नंतर १५ मिनिटांनी आणि पुन्हा सहा तासांनी २० मिलिलिटर मध दिला होता, आणि तीव्र जखमांचे प्रमाण त्या गटात कमी राहिले. मध तोंडात सावकाश फिरवून, गालांच्या आतल्या बाजूंना लागू देऊन मग गिळायचा असतो. नुसता चाटून उपयोग नाही. मात्र न्यूझीलंडमधील मनुका नावाच्या झुडपाच्या फुलांपासूनचा महागडा ‘मनुका मध’च हवा असे मुळीच नाही, कारण इंग्लंडमधील चाचणीत त्याचा ठळक फायदा दिसला नव्हता.

मधाच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. मधुमेह असेल तर रोजचे ६० मिलिलिटर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. रेडिएशनने लाळ आटते आणि कोरड्या तोंडात साखर दात फार लवकर किडवते, म्हणून मधानंतर थोड्या वेळाने चूळ भरणे आवश्यक आहे. सोबत केमोथेरपी असून रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या असतील, तर जंतुसंसर्गाच्या भीतीने पोळ्यातून थेट काढलेला मध टाळावा.

हळदीच्या गुळण्यांबद्दल मंगळूरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोव्हिडोन-आयोडीन या जंतुनाशकाच्या गुळण्यांच्या तुलनेत हळदीच्या गटात जखमा उशिरा आणि सौम्य झाल्या. ही गोष्ट आशादायक आहे, पण आधार अजून तोकडा आहे. मधुमेही रुग्णाने डॉक्टरांच्या संमतीने हळदीचा पर्याय जरूर निवडावा. हळद मात्र वस्त्रगाळ असावी, कारण दळणातील भरड कण सोललेल्या गालाला टोचतात. हळदीच्या अर्काच्या गोळ्या ही वेगळी बाब आहे. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत त्या धोक्याच्या ठरू शकतात.

साजूक तूप आणि खोबरेल तेल ओठांना व मऊ भाताला स्निग्धता देतात. घास घशाखाली उतरतो, एवढा लाभही या दिवसांत मोठा असतो. त्यांनी जखम भरेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. तुपाचा हात रेडिएशनला जाण्याआधी चेहऱ्याच्या त्वचेवर फिरवू नये. कोरफडीचा रस चाचणीत उपयोगी ठरला नाही. लवंगेचे तेल, तुरटी आणि लिंबू यांनी आग वाढते. ठणका बधिर व्हावा म्हणून काही घरांत मिश्री लावतात, ती तर तंबाखूच आहे आणि कोणत्याही परिस्थितीत बंद व्हायला हवी.

यांतील कोणताही उपाय डॉक्टरांनी दिलेल्या बेंझिडामाइन या दाह व वेदना कमी करणाऱ्या औषधाच्या चुळा किंवा वेदनाशामक औषधांच्या जागी घेऊ नये. पांढरे चट्टे दिसले तर ते बुरशीचे असू शकतात आणि त्यांना बुरशीविरोधी औषध लागते. पाणीही गिळता येईनासे झाले किंवा १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप आला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.