फोटोतून पॅलेट काढताना: नुसती मोजणी, पेट्यांची विभागणी की रंगांचे गट?

जळगावात कापडी पिशव्यांवर किंवा केळीच्या खोक्यांवर छपाई करून घ्यायला गेलेल्या माणसाला सर्वांत आधी विचारले जाते, ते म्हणजे रंग किती. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र स्क्रीन तयार करावी लागते, त्यामुळे पाचाचे सहा रंग झाले की खर्चही वाढतो आणि वेळही. गिऱ्हाइकाच्या हाती बहुधा रावेरकडच्या केळीबागेचा किंवा घरच्या कानबाईचा (खानदेशात घरोघरी मांडल्या जाणाऱ्या देवीचा) फोटो असतो आणि त्या फोटोत सर्वाधिक वेळा आलेले पाच रंग संगणकाकडून काढून घेतले की पॅलेट तयार झाले, असे त्याला साहजिकच वाटते. हे काम करणाऱ्या पद्धती मात्र एकापेक्षा अधिक आहेत आणि एकाच फोटोतून त्या वेगवेगळे पाच रंग काढून देतात. कोणती पद्धत कोणत्या कामाला घ्यावी, हे ठरवू पाहणाऱ्यांसाठी ही तुलना आहे.

सर्वांत सरळ पद्धत म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा नेमका रंग पाहायचा, कोणता रंग किती वेळा आला हे मोजायचे आणि वरचे पाच उचलायचे. लोगो, दुकानाची पाटी किंवा सपाट रंगांत काढलेले चित्र मूळ पीएनजी स्वरूपात असेल तर याहून चांगले काही नाही, कारण तिथे रंग मोजकेच असतात आणि मिळणारे उत्तर अचूक असते. तोच लोगो जेपेग म्हणून साठवलेला असेल, तर दाबून लहान करण्याच्या प्रक्रियेत कडांभोवती मुळात नसलेल्या शेकडो छटा तयार होतात, म्हणून शक्य तिथे मूळ फाइलच मागून घ्यावी.

फोटोच्या बाबतीत मात्र ही मोजणी पहिल्याच पायरीवर अडखळते. चार हजार गुणिले तीन हजार पिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल असतात आणि २४ बिटांच्या रंगपद्धतीत (लाल, हिरवा आणि निळा यांना प्रत्येकी ० ते २५५ पैकी एक आकडा) शक्य असलेले रंग आहेत १,६७,७७,२१६. म्हणजे पिक्सेलपेक्षा रंगच अधिक आहेत. केळीच्या एकाच पानावर ऊन, सावली, शीर आणि धूळ यांमुळे हिरव्याच्या हजारो छटा पडतात आणि त्यांतली प्रत्येक छटा नेमक्या त्याच आकड्यांनिशी थोड्याच वेळा आलेली असते. याला अपवाद उन्हाने जळलेल्या आकाशाचा. वैशाखातल्या दुपारी घेतलेल्या फोटोत कॅमेऱ्याच्या क्षमतेपलीकडे गेलेला सगळा भाग २५५, २५५, २५५ या एकाच आकड्यावर येऊन थांबतो, म्हणून हिरव्यागार बागेच्या फोटोतला ‘सर्वाधिक आलेला रंग’ शुद्ध पांढरा निघतो आणि त्याच्यामागे डोळ्यांना एकसारखेच दिसणारे चार हिरवे रांगेत येतात. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, चित्रे हाताळणाऱ्या पिलो लायब्ररीचे रंग मोजणारे ‘गेटकलर्स’ वापरणाऱ्यांना याचा अनुभव वेगळ्या रीतीने येतो. रंगांची संख्या २५६ पेक्षा जास्त झाली की ते यादी देतच नाही, फक्त ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’, परत करते. पुष्कळ जण ही आपली चूक समजतात. ती चूक नाही, ती मर्यादा वाढवता येते. परंतु मर्यादा वाढवून हाती येणारी यादी फारशी उपयोगाची नसते.

म्हणून मोजण्याआधी रंगांचे खाने पाडणे, म्हणजे जवळच्या छटा एकत्र धरणे, आवश्यक ठरते. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी आठ बिटांपैकी वरचे पाचच बिट ठेवले तर एकूण ३२,७६८ खाने उरतात आणि चारच ठेवले तर ४,०९६. जवळच्या छटा आता एका खान्यात पडतात आणि भरगच्च खाने वर येतात. पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली सिग्राफ या संगणक-चित्रांवरील परिषदेत मांडलेल्या निबंधात लोकप्रियतेवर आधारलेली म्हणून जी पद्धत वर्णन केली आहे, ती हीच. तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली उणीव खान्यांच्या सीमांची. चार बिट ठेवले असता ११२ आणि १२७ एका खान्यात जातात, पण १२७ आणि १२८ हे सख्खे शेजारी वेगळे होतात, त्यामुळे एकच रंग दोन खान्यांत वाटला जाऊन खाली घसरू शकतो. दुसरी उणीव अशी की, मोठ्या क्षेत्राच्याच छटा सगळ्या जागा अडवतात. दोन्हींवर एक उपाय चांगला लागू पडतो. यादी वरून खाली वाचत जावी आणि आधी निवडलेल्या कोणत्याही रंगाच्या फार जवळचा रंग आला की तो वगळून पुढचा पाहावा. एवढी सुधारणा केलेली मोजणी दहा-पंधरा ओळींत लिहिता येते, तिच्यात नशिबाचा भाग नसतो आणि दर वेळी तेच उत्तर येते. माझ्या मते बहुतेकांनी सुरुवात इथूनच करावी.

मिडियन कट ही पद्धतही हेकबर्ट यांच्या त्याच निबंधातली. येथे सर्व रंग एका पेटीत आहेत असे मानतात, पेटीची सर्वांत लांब बाजू शोधतात आणि दोन्हीकडे सारखे पिक्सेल येतील अशा ठिकाणी पेटी कापतात, मग प्रत्येक तुकड्यावर तेच करतात. आठ फेऱ्यांत २५६ पेट्या होतात आणि प्रत्येक पेटीतील रंगांची सरासरी हा पॅलेटमधील एक रंग ठरतो. जीआयएफमध्ये एका चित्राला २५६ हीच रंगांची कमाल मर्यादा असल्याने तिथे ही पद्धत उत्तम बसते आणि पिलोमध्ये साध्या आरजीबी (लाल-हिरवा-निळा) फोटोसाठी रंग कमी करताना आपण काही न सांगता वापरली जाते ती हीच. परंतु पाच-आठ रंगांच्या पॅलेटसाठी मी ती सुचवणार नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. आठ पेट्या केल्या की प्रत्येक पेटीत साडेबारा टक्के पिक्सेल असतात. एखाद्या रंगाने फोटोचा एकच टक्का व्यापला असेल, तर त्याच्या पेटीत साडेअकरा टक्के दुसरे रंग शिरणारच, आणि त्या सगळ्यांची सरासरी मातकट निघते.

गेर्व्हाउट्झ आणि पुर्गाथोफर यांनी १९८८ मध्ये मांडलेली, रंगांच्या घनाचे दर पायरीला आठ भाग करत जाणारी ऑक्ट्री पद्धत वेगवान आहे, तिला मेमरीही कमी लागते आणि फाइल लहान करण्याच्या कामी ती चोख आहे. तिचे विभाग ठरलेल्या मध्यबिंदूंवर पडत असल्याने सीमांची वर सांगितलेली अडचण तिलाही आहे. हाताने निवडायच्या पॅलेटसाठी तिचा विशेष लाभ नाही.

के-मीन्स पद्धतीत आपण आधी गटांची संख्या सांगतो, संगणक तितके मध्यबिंदू ठेवतो, प्रत्येक पिक्सेल जवळच्या मध्यबिंदूला देतो, मध्यबिंदू आपल्या गटाच्या सरासरीवर सरकवतो आणि हे स्थिरावेपर्यंत चालू ठेवतो. येथे अंतराचा वर्ग मोजला जातो, त्यामुळे इतरांपासून फार दूर असलेला रंग क्षेत्राने लहान असूनही स्वतःचा गट मिळवू शकतो. मिडियन कटपेक्षा ही तिची खरी सरशी आहे. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सुरुवातीचे मध्यबिंदू यदृच्छेने निवडले जात असल्याने दर वेळी उत्तर थोडे बदलते, म्हणून यादृच्छिक निवड ज्यावरून होते तो सुरुवातीचा आकडा (सीड) निश्चित करून ठेवावा. नाहीतर आज पसंत पडलेला हिरवा उद्या पुन्हा सापडत नाही. अंतर आरजीबीत न मोजता सीआयई या प्रकाश व रंगांची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ मध्ये ठरवलेल्या, डोळ्यांना जाणवणाऱ्या फरकावर आधारलेल्या लॅब रंगपद्धतीत मोजावे, कारण आरजीबीतले सारखे अंतर डोळ्यांना सारखे वाटत नाही. तिसरी गोष्ट वेळ वाचवण्यासाठी फोटो लहान करण्याची. दोनशे गुणिले दीडशे, म्हणजे ३०,००० पिक्सेल पुरेसे होतात. पण लहान करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेतली तर बारीक ठिपक्यांचे रंग तिथेच विरतात. त्याऐवजी ठरावीक अंतराने मूळ पिक्सेलच उचलावेत.

एवढे सगळे सांभाळूनही एक प्रश्न उरतो आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. चौरंगावर मांडलेल्या कानबाईच्या फोटोत वस्त्राचा लाल-हिरवा रंग, मागचा पडदा आणि झेंडूच्या माळा जवळजवळ सगळी जागा व्यापतात; नथीला जेमतेम चिमूटभर पिक्सेल मिळतात. पाहणाऱ्याची नजर मात्र आधी नथीकडेच जाते. वारंवारता हे क्षेत्रफळाचे माप आहे आणि नजर क्षेत्रफळाच्या हिशेबाने चालत नाही. पिशवीवर कानबाई छापायची आणि नथीचा सोनेरी रंगच पॅलेटमध्ये नाही, असे झाले तर ते काम घरातल्या बायका हातात घेताच नाकारतील आणि त्यांचे बरोबर असेल.

यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे के-मीन्सला प्रत्येक खान्याचे वजन म्हणून त्यातील संख्या आहे तशी न देता तिचे वर्गमूळ द्यावे. साठ टक्के आणि एक टक्का यांचे साठास एक हे प्रमाण मग सुमारे पावणेआठास एक एवढ्यावर येते, आणि मोठ्या क्षेत्राचा दाब पुष्कळ कमी होतो. दुसरा मार्ग अँड्रॉइडच्या पॅलेट लायब्ररीने घेतला आहे. ती आधी सोळा रंग काढते आणि मग केवळ संख्येवर न जाता तेज आणि रंग किती भडक की फिका आहे हे पाहून त्यांतले ठळक व सौम्य रंग निवडते. हाताने काम करणाऱ्यालाही हेच जमते. पाच हवे असतील तर के-मीन्सकडून बारा ते सोळा रंग काढावेत, फोटो शेजारी ठेवावा आणि अंतिम निवड स्वतः करावी. गटाची सरासरी फोटोत कुठेच नसलेला रंग देऊ शकते, म्हणून प्रत्येक मध्यबिंदूऐवजी त्याच्या सर्वांत जवळचा, फोटोत खरोखर असलेला रंग घ्यावा.

निवड करताना आधी आपले काम पाहावे. सपाट चित्राला नेमकी मोजणी पुरते. जीआयएफ करायची असेल किंवा फाइल लहान करायची असेल तर मिडियन कट किंवा ऑक्ट्री घ्यावी. जिम्प या चित्रसंपादन प्रोग्रॅममध्ये चित्र इंडेक्स्ड (मोजक्या रंगांच्या यादीवर आधारलेले) करताना उत्तम पॅलेट तयार करण्याचा पर्याय मिळतो, तोही त्यासाठी पुरेसा आहे. बागेच्या किंवा कानबाईच्या फोटोवरून छपाईचे रंग ठरवायचे असतील तर लॅबमधील के-मीन्स आणि त्यावर स्वतःची निवड, हा थोडा अधिक वेळ घेणारा मार्ग पत्करावा. नंदुरबारच्या मिरची पथारीचा, म्हणजे उन्हात वाळत पसरलेल्या मिरच्यांचा, फोटो हाती असेल आणि पार्श्वभूमीसाठी एकच रंग हवा असेल, तर मात्र एवढा खटाटोप करू नये. तिथे नजर ज्यावर ठरते आणि जो सर्वाधिक जागा व्यापतो, तो लाल एकच आहे. चार बिटांच्या खान्यांची मोजणी तो पहिल्याच ओळीत दाखवते.