गुहागर तालुक्यातील पक्षी-निरीक्षण फेरी : रानपिंगळ्याभोवतीचा गलका

गुहागर तालुक्यातील एका घरगुती निवासाने आखलेल्या सकाळच्या पक्षी-निरीक्षण फेरीला आम्ही सहा जण जानेवारीत गेलो होतो. शुल्क माणशी ६०० रुपये आणि वेळ अडीच तास. या फेरीचे खरे मोल मार्गदर्शकांच्या पद्धतीत आहे, कारण ते घुबडाचा माग पक्ष्यांच्या गलक्यावरून काढतात.

पोफळीच्या आगराच्या कडेला त्यांनी आम्हाला निमूट उभे केले. प्रथम सुभगाने कर्कश आवाज काढला, मग बुलबुल, शिंजीर, नाचण आणि एक कोतवाल फणसाच्या एकाच फांदीभोवती जमले. पानांच्या सावलीत रानपिंगळा, म्हणजे एक लहान घुबड, बसला होता. कोतवाल त्याच्या डोक्यावरून पुन:पुन्हा सूर मारत होता, तर लहान पक्षी हातभर अंतर राखून, शेपट्या झटकत ओरडत होते. रानपिंगळा दिवसाही शिकार करतो आणि लहान पक्षी त्याच्या आहारात असतात. पण त्याची जागा अशी उघड झाली की दबा धरण्यात अर्थ उरत नाही, हे मार्गदर्शकांनी समजावून सांगितले. ससाणा दिसताच पक्षी काढतात तो बारीक, लांबट आवाज कोठून आला हे चटकन कळत नाही, उलट गलक्यातील तुटक, खरखरीत आवाज नेमकी जागा दाखवतो. हा भेद पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी १९५५ मध्ये मांडला होता. डोळे मिटून आवाजाच्या दिशेने बोट दाखवायला मार्गदर्शकांनी आम्हाला सांगितले, तेव्हा सहाही बोटे त्याच फणसाकडे वळली.

गेल्या मार्चमध्ये याच किनाऱ्यावरील दुसऱ्या एका सहलीत पिंगळ्याचा ध्वनिमुद्रित आवाज बराच वेळ वाजवून पक्षी गोळा केले गेले होते. छायाचित्रे उत्तम मिळाली, परंतु ऐन विणीच्या दिवसांत पक्ष्यांना खोट्या शत्रूमागे घरटी सोडायला लावल्याची बोच मला अजूनही आहे. येथे मात्र स्पीकर वापरत नाहीत, आणि दहा मिनिटांनी मार्गदर्शकांनी आम्हालाही त्या झाडापासून दूर नेले.

उणिवा दोन आहेत. निघायला पाऊण तास उशीर झाला, आणि सहा जणांत दुर्बिणी दोनच होत्या, त्यामुळे आमच्यापैकी दोघांना रानपिंगळ्याच्या अंगावरील बारीक आडवे पट्टे पाहताच आले नाहीत. जाणाऱ्यांनी स्वतःची दुर्बीण अवश्य न्यावी.