आमोस की होशेय: आधी कोणाला वाचावं?

आमोस आणि होशेय हे बायबलच्या जुन्या करारातले दोन संदेष्टे, त्यांच्या नावाचं एकेक पुस्तक तिथे आहे. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, हा समज आमोस लगेच मोडतो. तो दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावाचा मेंढपाळ, उंबरांची राखण करणारा. इसवी सनपूर्व 8व्या शतकात, राजा दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात, तो उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात गेला आणि थेट बोलला: तुम्ही गरिबाला पायातल्या जोड्यांच्या मोलाने विकता, मापात खोट करता, तुमचे सण देवाला नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. बेथेलच्या मंदिराचा याजक अमस्या त्याला हाकलू पाहतो, तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. राजाश्रयाच्या मंदिरात उभं राहून असं बोलायला छाती लागते.

होशेय त्याच उत्तरेकडच्या राज्यातला, थोडा नंतरचा. त्याचा आरोपही तितकाच कडक, पण आवाज दुखावलेल्या नवऱ्याचा. बेइमान निघालेल्या गोमरशी झालेलं त्याचं लग्नच संदेश बनतं: इस्राएलही देवाशी असाच वागला. अकराव्या अध्यायात देव एफ्राइमला, म्हणजे इस्राएललाच, चालायला शिकवणारा बाप होतो. तिथे माझे डोळे दर वेळी भरतात.

नव्या वाचकाने आमोसच घ्यावा: नऊ अध्याय, मुद्दा स्वच्छ. होशेयाचा मजकूर जागोजागी अवघड आहे, त्याला वेळ द्यावा लागतो. मात्र ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे येशूने उचललेलं वचन त्याचंच.